गायन क्रमांक तीन

आमच्या मंडळीत कुणी गेलं, की पहिला फोन डॉक्टरांना जातो, दुसरा पाळकसाहेबांना आणि तिसरा मला. डॉक्टर सांगतात, गेले. पाळकसाहेब सांगतात, कुठं गेले. मी विचारतो, "गाणी कोणती घ्यायची?"

(मंडळी म्हणजे आमच्यात चर्चचे झाडून सगळे सभासद. त्यामुळं 'आमची मंडळी माहेरी गेलीय' हे वाक्य पाळकसाहेबांना फार जपून वापरावं लागतं.)

मी मूळचा बँकेतला कारकून. निवृत्त झाल्यावर पास्टोरेट कमिटीनं मला सेक्रेटरी केलं, कारण मला कॉम्प्युटरवर मराठी टाइप करता येतं. एवढ्या भांडवलावर गेली 19 वर्षं नगरमधल्या आमच्या चर्चच्या अंत्यविधींच्या पत्रिका मी काढतोय. पत्रिका म्हणजे चार पानांचा उपासनाक्रम. पुढं फोटो, आत गायनं, शास्त्रपाठ, प्रार्थना, संदेश आणि मागं कुटुंबाकडून आभार. आता माझी ख्याती अशी, की मी कुणा आजाऱ्याला भेटायला गेलो तर तो उशीला टेकून उठून बसतो आणि माझ्याकडं न बघता बायकोला सांगतो, "आज बरंच बरं वाटतंय." एका आत्याबाईंनी तर मी दारात दिसताच मोसंबीचा रस मागितला. घरचे दोन दिवस त्यासाठी विनवत होते.

बाहेरच्यांना वाटतं, तुमचं बाई बरं असतं. दहावं नाही, तेरावं नाही, सगळं दोन तासांत, शिस्तीत. त्यांनी ते सिनेमात पाहिलेलं असतं. काळे कोट, काळ्या छत्र्या आणि वरून भुरभुर पाऊस. नगर जिल्ह्यात वेळेवर असा पाऊस हवा म्हटलं, तर अंत्यविधी दोन-दोन वर्षं पुढं ढकलावा लागेल. आमच्याकडं पांढऱ्या साड्या असतात, पांढरे शर्ट असतात, डोक्यावर रुमाल आणि रुमालाच्या वर ऊन.

शिवाय मराठी भाषेनं या कामी आमची जरा पंचाईतच केलेली आहे. म्हाताऱ्या माणसाबद्दल 'गोवऱ्या मसणात गेल्या' म्हणावं, तर आमच्या गोवऱ्या कुठंच जात नाहीत. पिंडाला कावळा शिवायची भानगड आमच्यात नाही, पण ते खातं खजिनदारांकडं असतं. तुमच्यात इच्छा अपुरी राहिली की कावळा शिवत नाही, आमच्यात वर्गणी अपुरी राहिली की खजिनदार दफनाच्या कागदावर सही करत नाहीत. म्हणजे करतात, आजवर कुणाचं अडलेलं नाही. पण करण्याआधी वर्गणीच्या वहीची पानं ते इतकी सावकाश उलटतात, की नातेवाइकांचा हात आपोआप खिशात जातो. सगळ्या मराठी भाषेत खास आमचा म्हणावा असा वाक्प्रचार एकच, 'मूठमाती देणे'. आणि गंमत बघा, ज्यांच्यात मूठमाती देत नाहीत ते लोक मतभेदांना मूठमाती देतात. आम्ही माणसांना देतो. मतभेदांना नाही.

हे मतभेद कुठं राहतात, ते मला 19 वर्षांत नीट कळलंय. ते गायन क्रमांक तीनमध्ये राहतात.

आमच्या उपासनाक्रमात गायनं तीन. पहिलं पाळकसाहेब निवडतात, त्यात कुणी बोलायचं नाही. दुसरं गायकसंघ निवडतो, म्हणजे निवडत नाही, त्यांचं तेवढं एकच बसलेलं असतं. तिसरं घरच्यांनी निवडायचं. आता 'उपासना संगीत' हे आमचं गायनांचं पुस्तक. त्यात रेव्हरंड टिळकांची गीतं आहेत, कीर्तनकार कृष्णराव सांगळ्यांची आहेत, इंग्रजीतून आलेली आहेत, ओव्या, अभंग, पदं, सगळं आहे. म्हणजे घरात पाच माणसं असतील, तर पाच निरनिराळी गायनं निघतील एवढी सोय आमच्या पूर्वजांनी करून ठेवलेली आहे.

मागं एक निवृत्त मास्तर गेले. रात्री 11 वाजता मी वही घेऊन त्यांच्या घरी पोचलो. अण्णा आतल्या खोलीत बर्फाच्या पेटीत, आणि बाहेरच्या खोलीत दोन मुलगे, एक मुलगी आणि न प्यायलेल्या चहाचे सात कप.

"टिळकांचं घ्या," थोरला म्हणाला. "अण्णांचा सगळा जीव अभंगात."

"दादा, अण्णा इंग्रजी शिकवायचे," धाकटा म्हणाला. "त्यांना 'अबाइड विथ मी' आवडायचं."

"ते त्यांना हेडमास्तर व्हायचं होतं तेव्हा आवडायचं. नंतर नाही."

"अण्णांना गाणं आवडायचंच नाही," मुलगी म्हणाली. "चर्चमध्ये गाणं सुरू झालं की ते घड्याळ काढायचे. त्यांना आवडायची बोंबलाची चटणी. आणि ती तुम्ही दोघांनी गेली चार वर्षं बंद केली होती."

"डॉक्टरांनी बंद केली होती!"

"डॉक्टरांना कुणी सांगितलं होतं?"

तिथून गाडी जी रुळावरून घसरली ती बीपीच्या गोळ्या, गावाकडची विहीर आणि 2009 सालच्या नाताळात कोण कुणाकडं आलं नाही, अशी स्टेशनं घेत घेत रात्री सव्वाच्या सुमाराला परत गायन क्रमांक तीनवर आली. कोपऱ्यात बसलेल्या आई तोवर एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "कुठलंही घ्या. पण सगळी कडवी म्हणा. बावन्न वर्षं ह्यांनी मला एक वाक्य पुरं करू दिलं नाही. आता जरा ऐकून घेतील."

यातली वेदना चर्चला न जाणाऱ्याला कळायची नाही. आमच्यात गायन जाहीर करताना नेहमी सांगतात, "कडवं पहिलं, दुसरं आणि शेवटचं." मधल्या कडव्यांनी काय पाप केलंय कुणास ठाऊक. आमच्यातले कित्येकजण जन्मभर तिसरं कडवं न म्हणता देवाघरी गेले.

शेवटी अण्णांच्या वेळी दोन्ही गायनं घेतली. 'अबाइड विथ मी'बद्दल मला एवढंच सांगायचंय, की 1847 साली हेन्री लाइट नावाच्या अँग्लिकन धर्मगुरूनं ते लिहिलं, गांधीजींना ते आवडायचं, आणि दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमधून 2022 साली ते वगळण्यात आलं. केंद्र सरकारला हे जमतं. आमच्या कमिटीला जमणार नाही.

आणि गायनं ठरली म्हणून सगळं ठरलं असं नव्हे. अण्णांकडचे लोक अमेरिकन मिशनचे, आणि आईंचं माहेर एस. पी. जी. मिशनचं, म्हणजे इंग्रजी वळणाचं. नगरला अमेरिकन मिशनरी 1831 साली आले, इंग्रज नंतर आले. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला अशा सगळ्या पंथांची मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, तेव्हापासून आम्ही सगळे एक आहोत. फक्त घरात कुणी गेलं की त्या रात्रीपुरते आम्ही 1970 च्या आधी जातो. एस. पी. जी. वाल्यांना प्रार्थना पुस्तकातून वाचलेली लागते, पुढं क्रूस धरून चालणारा माणूस लागतो. अमेरिकन मिशनवाल्यांना प्रार्थना उत्स्फूर्त लागते. पुस्तकातल्या प्रार्थनेला तीन मिनिटं पुरतात. उत्स्फूर्त प्रार्थना एकदा सुरू झाली की मयताकडून कुटुंबाकडं, कुटुंबाकडून देशाच्या पंतप्रधानांकडं आणि तिथून पावसापाण्याकडं वळते. तिला थांबवायचं कसं, हे छापील क्रमात लिहिता येत नाही. मी एकदा कंसात 'थोडक्यात' असं लिहून पाहिलं. प्रार्थना करणाऱ्या काकांनी सुरुवातच, "हे प्रभो, थोडक्यात सांगतो," अशी केली आणि पुढं 23 मिनिटं घेतली.

शास्त्रपाठाचं तेच. तेविसावं स्तोत्र सगळ्यांना पाठ असतं, हीच अडचण आहे. जुन्या बायबलमध्ये देवाला 'यहोवा' म्हटलंय, नंतरच्या आवृत्तीत 'परमेश्वर'. पाळकसाहेब म्हणतात, "आपण सर्वजण मिळून म्हणू या," आणि पहिल्याच शब्दाला मंडळी दुभंगते. साठीच्या वरचे एकीकडं, खालचे दुसरीकडं. परमेश्वर पाच अक्षरी, यहोवा तीन अक्षरी, त्यामुळं म्हातारे दोन अक्षरं पुढं निघतात आणि तरुणांनी त्यांना गाठेपर्यंत हिरवं कुरण संपून दरी आलेली असते. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर 1924 साली छापून झालं. एका बाईनं एकटीनं हे केलं म्हणून ते पुरं झालं. भाषांतराची कमिटी आमच्या मंडळीतली असती, तर उत्पत्तीचा पहिला दिवस अजून चालू असता.

एका आजोबांनी हयातीतच लिहून ठेवलं होतं, की माझ्या वेळी 119 वं स्तोत्र पूर्ण वाचावं. 119 व्या स्तोत्रात 176 वचनं आहेत. बायबलमधलं ते सगळ्यांत लांबलचक प्रकरण. आजोबांची शेवटची इच्छा! मोडायची कशी? कमिटीची तातडीची बैठक झाली. तोडगा निघाला तो असा, की चर्चमध्ये पहिली आठ वचनं वाचावीत, आणि उरलेली 168 घरच्यांनी सवडीनं घरी. आजोबांचा मुलगा मला परवा भेटला. म्हणाला, "चाळिसाव्यापर्यंत आलोय." आजोबांना जाऊन सहा वर्षं झाली.

पत्रिकेवर वय टाकायचं असतं, तेही सरळ नसतं. आमच्या कबरस्तानातून सावकाश फेरफटका मारा. दर तीन-चार दगडांमागं एका दगडावर जन्मतारीख 1 जून दिसेल. परक्या माणसाला वाटेल, ख्रिस्ती लोकांत 1 जूनला काही विशेष पुण्य असावं. पुण्य कसलं, शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की मास्तर 1 जून लावायचे. माझे आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. निम्म्या तालुक्याला त्यांनीच जन्माला घातलं, असं आम्ही घरात जपून म्हणतो. आता शाळेचा दाखला एक सांगतो, आधार कार्ड दुसरं आणि चर्चचं बाप्तिस्म्याचं रजिस्टर तिसरंच. एका बाईंचं वय दाखल्याप्रमाणं 81 होतं आणि रजिस्टरप्रमाणं 85. मुलं म्हणाली, रजिस्टर खरं. बाईंची धाकटी बहीण डोळे पुसत मधेच म्हणाली, "मुळीच नाही. ती 85 ची म्हटलं, तर मी 83 ची ठरते." 81 टाकलं.

पत्रिका करताना मी जुन्याच फाइलवर नवीन मजकूर चढवतो. चुकून एकदा ती जुनी फाइल माझ्या भाचीच्या लग्नाची निघाली. फोटो बदलला, नाव बदललं, 'शुभविवाह' काढून 'दफनविधी' घातलं. पहाटे चारला माणूस दुसरं काय काय बघणार? सकाळी चर्चच्या दारात 200 प्रती वाटून झाल्यावर कबरस्तानात एका लहान मुलीनं शेवटच्या पानावरचं मोठ्यानं वाचलं, "कृपया आहेर आणू नयेत." माझ्या पायाखालची जमीन, तिथं खणलेलीच होती म्हणून, लगेच उपलब्ध होती. मी थरथरत काकूंपुढं उभा राहिलो. काकूंनी चष्मा लावून ते वाक्य वाचलं आणि म्हणाल्या, "असू द्या. ह्यांचंच वाक्य आहे." काका जन्मभर कुणाच्या लग्नात आहेर करत नव्हते. त्याच्या वरची 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' ही ओळ मी आधीच काढली होती, हे त्या दिवसाचं माझं एकमेव पुण्य.

पेटी करणारा आमचा सुतार ठरलेला. त्याला फोनवर माप सांगावं लागत नाही. लग्नाच्या पंगतीत तो समोर बसला, की माणसं जरा वाकून जेवतात, कारण त्याची नजर खांद्यापासून खांद्यापर्यंत फिरते आणि ओठ हलतात. पेटी तो चोख करतो. अडचण असते ती जिन्याची. पूर्वी माणसं बैठ्या घरांत मरायची. आता मरतात तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टमध्ये पाटी असते, 'सहा माणसे'. पण ती उभी. आणि जिन्याच्या वळणावर साडेसहा फुटी पेटी वळत नाही. तीन बीएचके बांधताना बिल्डरनं कपाटाचा विचार केलेला असतो, फ्रीजचा केलेला असतो. त्याच्या मते त्या घरात कुणी मरणारच नसतं, आणि ब्रोशर बघितलं तर ते खरंही वाटतं. मग पेटी खाली पार्किंगमध्ये स्कूटर बाजूला करून ठेवायची आणि माणसाला चादरीच्या झोळीतून उतरवायचं. दर वळणावर वरचे म्हणतात, "सांभाळून," खालचे म्हणतात, "आमच्याकडं भार येतोय," आणि दुसऱ्या मजल्यावरचे कुणीतरी दार किलकिलं करून विचारतात, "पाणी आणू का?"

या शेजाऱ्यांबद्दल लिहायलाच हवं. त्यांना आमच्या विधीतलं काही कळत नसतं आणि ते सगळ्यांत मनापासून हजर असतात. नमस्कार करायला पाय कुठं आहेत, ते पेटीत नीट दिसत नाही. मग बाजूनं अंदाजानं हात जोडतात. सगळ्यांचं 'आमेन' झालं की त्यांचं एक 'आमेन' मागून येतं, कुरिअरनं आल्यासारखं. संध्याकाळी पिठलं-भाकरीचा डबा येतो. आमच्या आत्याकडं शेजारच्या वहिनी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "ताई, तुमच्यात सुतक किती दिवसांचं?" सुतक नसतंच, हे सांगायचं आत्याच्या जिवावर आलं. नाही म्हटलं तर दुःखच नाही असं व्हायचं. तिनं क्षणभर विचार केला, येशू तिसऱ्या दिवशी उठला हे आठवलं, आणि म्हणाली, "तीन." वहिनींनी तीन दिवस डबा पाठवला. चौथ्या दिवशी आत्या मला म्हणाली, "दहा म्हटलं असतं तरी चाललं असतं. पिठलं फार चांगलं करते."

राहता राहिले 'चार शब्द'. आमच्यात हे कुणी चारात बसवल्याचं मला आठवत नाही. उपासनाक्रमात मी तीन वक्त्यांची नावं टाकतो. चौथे आपणहून येतात. त्यांची सुरुवात, "मी बोलणार नव्हतो," अशी असते, आणि त्यांनी तो विचार का बदलला हे शेवटपर्यंत कळत नाही. ते मयताबद्दल बोलत नाहीत, मयतानं त्यांच्याबद्दल काय म्हटलं होतं ते सांगतात. मग कबरस्तानात नगरसेवक येतात. पाळकसाहेबांच्या हातात माती असते, माती-राखेची वाक्यं अर्धी झालेली असतात, आणि कुणीतरी कानाशी पुटपुटतं, "साहेबांना पुढं जायचंय." साहेब श्रद्धांजली वाहतात, कबरस्तानाच्या भिंतीसाठी निधी जाहीर करतात आणि निघतात. ती भिंत 19 वर्षं दर अंत्यविधीला थोडी थोडी मंजूर होते आहे.

एवढं सगळं ऐकल्यावर तुम्ही म्हणाल, की या माणसाला शांत, आटोपशीर, भांडणाशिवाय झालेला अंत्यविधी बघायला मिळाला पाहिजे. मिळाला.

आमच्या मंडळीतल्या एक निवृत्त शिक्षिका गेल्या. मुलगा कॅनडात, मुलगी ऑस्ट्रेलियात. तिकिटं मिळेनात. रात्री व्हिडिओ कॉल झाला. एकाकडं सकाळ, एकीकडं पहाट. मी वही उघडून विचारलं, "गायन क्रमांक तीन?" मुलगा म्हणाला, "काका, तुम्हीच ठरवा. एनीथिंग इज फाइन." मुलगी म्हणाली, "हो काका, तुम्हाला जास्त कळतं." फोटो? कोणताही. शास्त्रपाठ? तुम्ही म्हणाल तो. 119 वं स्तोत्र म्हटलं असतं तरी हो म्हणाले असते. चांगली मुलं होती. पैसे लगेच पाठवले. दोघंही स्क्रीनवर रडत होती, पण आपापल्या चौकोनात.

त्या रात्री पत्रिका पाऊण तासात झाली. कुणी फोन करून ओळ बदलायला सांगितली नाही, कुणाचं नाव वर-खाली झालं नाही. सकाळी उपासना 35 मिनिटांत आटोपली. चार शब्दांना चौथा माणूस उठला नाही. आमच्या कमिटीतले एकजण घड्याळ बघून म्हणाले, "असं व्हायला पाहिजे." मी मान हलवली आणि मला कसंतरीच झालं. वाढदिवसाच्या केकवर मेणबत्त्या लावून पाहुणे निघून जावेत, तसं काहीतरी. 19 वर्षं मी ज्याला भांडण समजत आलो होतो, ते काय होतं, हे मला त्या शांततेत उभं राहून कळलं. दादा आणि धाकटा त्या रात्री विहिरीवरून भांडत नव्हते. माझे अण्णा जास्त माझे होते, एवढंच दोघं एकमेकांना ओरडून सांगत होते. रडायला लाजणाऱ्या आमच्यासारख्या माणसांना गायन क्रमांक तीन ही फार मोठी सोय आहे.

पेटी गाडीत ठेवत होतो, तेवढ्यात चर्चच्या पायरीजवळ एक बाई पत्रिका हातात धरून उभी दिसली. गेलेल्या बाईंकडं 22 वर्षं धुणंभांडी करणारी. तिला वाचता येत नव्हतं, पण गाणी तिनं आत भिंतीला टेकून ऐकली होती.

"सायेब," ती म्हणाली, "ह्ये शेवटचं गानं कुनी काडलं?"

"मीच काढलं."

"बाईंना ह्ये न्हाई आवडायचं. ह्ये लागलं की त्या मोबाइल बंद करायच्या."

मला इतकं हायसं वाटलं, की काय सांगू! "मग कोणतं आवडायचं त्यांना?"

"शब्द न्हाई येत मला. मी भांडी घासायची, त्या पुसायच्या. तवा म्हनायच्या." आणि तिनं, पदर तोंडाशी धरून, चाल गुणगुणून दाखवली. पहिल्या ओळीला मला नंबर आठवला. कीबोर्डवाला पोरगा घरी निघाला होता, त्याला हाक मारली, पण कबरस्तानात वीज कुठली? म्हटलं, तोंडानंच म्हणू.

आता आमची मंडळी गायनात फार मागं रेंगाळते. कीबोर्ड असो नसो, आम्ही एक ओळ मागंच असतो, आणि अंत्यविधीला तर विशेष. कबरस्तानात पोचल्यावर आम्ही गायला सुरुवात केली, प्रत्येक शब्द अदबीनं ओढत. दुसऱ्या ओळीला मागून आवाज आला, "एवढ्या हळू न्हाई, सायेब! एवढ्या हळू म्हनलं, तर भांडी कवा व्हायची?"

पाळकसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी पाळकसाहेबांकडं बघितलं. आणि मग आम्ही ते गायन, सगळ्या कडव्यांसकट, भांडी घासायच्या लयीत म्हटलं. 19 वर्षांत आमची मंडळी पहिल्यांदा तालात गायली.

मागच्या महिन्यात मी माझीही पत्रिका करून ठेवली. आपलं काम दुसऱ्यावर कशाला टाका? फोटो 1994 चा घेतलाय, केस असतानाचा. जन्मतारीख अर्थातच 1 जून. शास्त्रपाठ 117 वं स्तोत्र. त्यात दोनच वचनं आहेत. वर्गणी पुढच्या मार्चपर्यंत भरलेली आहे, खजिनदारांनी वही उघडू नये. शेवटच्या पानावर 'कृपया आहेर आणू नयेत' मुद्दाम ठेवलंय. गायन एक, पाळकसाहेब. गायन दोन, गायकसंघाचं ते नेहमीचं. आणि गायन तीनपुढं फक्त टिंबं टाकलीत.

मुलानं प्रूफ वाचलं. म्हणाला, "बाबा, इथं तीन नंबरला काहीतरी राहिलंय."

"राहू दे," मी म्हटलं.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "राहू दे काय? टिळकांचं ते अभंगाच्या चालीचं घाला. ह्यांना आवडतं."

"आई, बाबांना ते कधीच आवडलेलं नाही."

"तुला काय माहीत? तेहतीस वर्षं मी..."

"मागच्या नाताळात ते स्वतः म्हणाले होते!"

"मागच्या नाताळात तू घरी होतास कुठं?"

मी फाइल सेव्ह केली आणि चहाचा कप घेऊन हळूच गॅलरीत येऊन बसलो. आत आवाज चढत होते. बोंबलाची चटणी आणि बीपीच्या गोळ्या इथवर गाडी आली होती. विहीर आमच्याकडं नाही, पण तिच्याऐवजी काहीतरी सापडेलच.